बत्तीस बोअरचं रिव्हॉल्व्हर: परवडणारं आणि विश्वासाचं

आमची सराफी पेढी सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आहे. माल घेऊन कोल्हापूर, सांगलीला जाणं-येणं असतं आणि परतताना बऱ्याचदा रात्र होते. आमच्याच भागातल्या एका व्यावसायिकाला रस्त्यात अडवून लुटलं, तेव्हा घरच्यांशी बोलून मी शस्त्र परवान्यासाठी अर्ज केला.

परवान्याची वाट सगळ्यांचीच सारखी. ए-१ नमुन्यातला अर्ज, स्थानिक पोलिस ठाण्यातली चौकशी, वैद्यकीय दाखला, शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र, आणि मग जिल्हादंडाधिकारी म्हणून जिल्हाधिकाऱ्यांचा निर्णय. पुण्या-मुंबईसारख्या आयुक्तालयाच्या शहरात हाच अर्ज पोलिस आयुक्तांकडे जातो. मागे लागावं लागतं, कागद पुन्हा मागितले जातात, पण हे नियम असायलाच हवेत असं माझं ठाम मत आहे. याच काळात एकाने ‘कागदाशिवाय स्वस्तात’ देण्याची भाषा केली. त्याला मी दुकानाची पायरीसुद्धा चढू दिली नाही. गावठी कट्टा म्हणजे तुरुंग, आणि शिवाय तो हातातच फुटण्याची भीती.

परवाना मिळाल्यावर खरा प्रश्न समोर आला: घ्यायचं काय? सामान्य नागरिकाला रिव्हॉल्व्हर मिळतं ते मुख्यतः ०.३२ बोअरचं (बोअर म्हणजे नळीच्या आतल्या व्यासाचं माप), ०.३८ निषिद्ध बोअरमध्ये मोडतं. गन हाउसमध्ये पहिल्यांदा मला दाखवलं गेलं ते जुनं विलायती वेब्ली अँड स्कॉट. सुंदर वस्तू, यात वादच नाही. किंमत मात्र लाखांच्या घरात. ही किंमत दर्जाची कमी आणि टंचाईची जास्त आहे. १९८०च्या दशकाच्या मध्यापासून सामान्य परवानाधारकांसाठी आयात बंद झाली. त्याआधी देशात आलेलीच शस्त्रं आजवर हातोहात फिरताहेत, म्हणून अमेरिकेत साध्या भावात मिळणारी चीज इथे दागिन्यासारखी विकली जाते. पन्नास-साठ वर्षं जुन्या स्प्रिंगवर जीव सोपवायचा आणि वर नावाचे पैसे मोजायचे, हे मला पटलं नाही.

नव्यांमध्ये कानपूरच्या सरकारी कारखान्यांचा माल पाहिला. २०१४ साली आलेलं ‘निर्भीक’ वजनाला साधारण अर्धा किलो, महिलांना डोळ्यांसमोर ठेवून काढलेलं. बाजारात आलं तेव्हाच त्याची किंमत सव्वा लाखाच्या आसपास होती. कारखान्याचं नेहमीचं ०.३२ रिव्हॉल्व्हर त्याहून जड, पण मला तेच भावलं. बिजागरीवर मधून वाकवून उघडायचं आणि गोळ्या भरायच्या, सहा गोळ्यांचं, मूळ आराखडा वेब्लीचाच. वजन असलं की झटका कमी जाणवतो आणि हात स्थिर राहतो.

तेवढ्यात त्या दुकानदारांनीच सुचवलं, की हेच वापरलेलं बघा. वडिलांच्या ओळखीतले एक निवृत्त काका परवाना परत करणार होते. शस्त्र वर्षानुवर्षं कपाटात, गोळ्या झाडल्या त्या मोजक्याच. मी काकांना म्हटलं, “तुमच्यावर माझा पूर्ण विश्वास आहे, पण आर्मररकडून, म्हणजे शस्त्रं दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडून, तपासून घेतो.” ते लगेच म्हणाले, “अरे, घ्यायलाच हवं. मीही येतो.”

तपासणी मी शेजारी बसून पाहिली आणि ती नीट लिहून ठेवतो, कारण पैसे वाचतात ते इथेच. आधी सिलिंडरमधली, म्हणजे गोळ्यांच्या फिरत्या नळकांड्यातली, सहाही घरं रिकामी आहेत याची दोघांनी आळीपाळीने खात्री केली. मग घोडा अगदी सावकाश चढवत प्रत्येक घर नळीसमोर येऊन घट्ट बसतं का ते पाहिलं. हे सहाही घरांना करायचं, एकावर थांबायचं नाही. चाप दाबून धरला असताना सिलिंडर फार हलता कामा नये. चढवलेल्या घोड्याला अंगठ्याने पुढे रेटलं तर तो सुटता कामा नये. सुटला तर ते शस्त्र घेऊच नका. सिलिंडर आणि नळी यांच्यातली फट उजेडासमोर धरून पाहिली. बिजागरी आणि वरची खिट्टी ढिली नव्हती. शेवटी नळीत बॅटरी मारून आतले आटे, म्हणजे गोळीला पीळ देणाऱ्या खाचा, बघितले: कडा स्वच्छ, गंजाचे खड्डे नाहीत. बाहेरच्या चकाकीकडे आर्मररनी ढुंकूनही पाहिलं नाही. जुन्या नळीवर नवी पॉलिश चढवून विकणारे असतात, असं ते म्हणाले.

शस्त्रावरचा क्रमांक काकांच्या परवान्यावरच्या नोंदीशी जुळवला. व्यक्तीकडून व्यक्तीकडे विक्री असेल तर विकणाऱ्याने जिल्हादंडाधिकारी किंवा जवळच्या पोलिस ठाण्याला लेखी कळवून ४५ दिवस थांबावं लागतं. तेवढं थांबलो, आगाऊ रक्कम दिली नाही, आणि काकांनाही त्यात काही वावगं वाटलं नाही. नव्याच्या निम्म्याहून थोड्या जास्त रकमेत व्यवहार झाला. वाचलेल्या पैशांतून भिंतीत बसवलेली लोखंडी तिजोरी घेतली. घरात मुलं असताना तिला पर्याय नाही.

परवाना आता पाच वर्षांचा असतो, २०१९च्या दुरुस्तीपासून. नूतनीकरणाची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. निवडणुकीच्या काळात शस्त्र जमा करण्याची नोटीस आली, तर ठाण्यात पावती घेताना शस्त्राचा क्रमांक आकड्यागणिक तपासून घ्या आणि परत घेतानाही तोच पुन्हा जुळवा.