रन २३ : वारा उसानं खाल्ला

जुळले एकदाचे आकडे! मामांच्या गोठ्यात वारा कसा फिरतो ते मी संगणकावर सिम्युलेशन करून बघतोय, त्याचा हा तेविसावा रन. गव्हाणीपाशी, म्हशीच्या तोंडाच्या उंचीवर मोजलेला वेग ०.३ मीटर प्रति सेकंद, सिम्युलेशनचा ०.३५. मागच्या वेळी हाच आकडा ०.९ येत होता आणि मी मेशला, म्हणजे हवेचे छोटे छोटे सेल पाडणाऱ्या जाळीला, शिव्या घालून थांबलो होतो. मेशची माफी मागतो.

मधल्या महिन्यात काय नाही केलं! वाऱ्याच्या खळबळीचं मॉडेल बदललं, के-एप्सिलॉन सोडून के-ओमेगा एसएसटी धरलं, मेश बनवणाऱ्या स्नॅपीकडून १८ लाखांचे ३२ लाख सेल करून घेतले, आकडेमोडीची पद्धत फर्स्ट ऑर्डर अपविंड होती ती काढून लिनिअर अपविंड लावलं. दोनदा रन मध्यावर असताना लाईट गेली. एवढ्या उपद्व्यापानंतर ०.९ चा ०.८७ झाला.

शेवटी वैतागून गोठाच काढून टाकला आणि रिकामं डोमेन (हवेच्या ज्या डब्यात सगळं गणित चालतं तो) पळवलं. हे पहिल्या दिवशीच करायला तुमच्यापैकी दोघांनी बजावलं होतं, कबूल. इनलेटला, म्हणजे वारा डब्यात शिरतो तिथं, उंचीनुसार वेगाचा जो प्रोफाइल दिला, तोच गोठ्याच्या जागेपर्यंत जसाच्या तसा पोचायला हवा. माझा वारा मात्र जमिनीलगत वाटेतच वेग घेत होता. कारण सापडलं तेव्हा डोक्याला हात लावला. जमिनीचा खडबडीतपणा वॉल फंक्शनमध्ये द्यायचा असतो. त्याची मापं दोन: वाळूच्या कणांच्या हिशेबातला के-एस आणि हवामानवाल्यांचा झेड-झीरो. के-एसच्या जागी मी झेड-झीरोचा ०.१ मीटर टाकला होता. सोबतचा सी-एस हा गुणांक ०.५ असेल तर के-एस हा झेड-झीरोच्या साधारण २० पट लागतो. म्हणजे मामांचं शिवार मी सारवलेल्या अंगणाइतकं गुळगुळीत करून ठेवलं होतं.

बरं, के-एस २ मीटर टाकावा तर पहिल्या सेलचा मध्य त्याच्या वर हवा, म्हणजे सेल चार मीटर उंच. गोठ्याची वळचण २.४ मीटरवर! म्हणून ॲट्म-रफ वॉल फंक्शन घेतलं. त्यात झेड-झीरो थेट देता येतो, ही कटकटच राहत नाही. आकडा ०.६ वर आला. त्या रात्री मी मिसळ खाल्ली, कट जास्त घेऊन.

पण ०.६ म्हणजे अजून दुप्पटच. संशय मीटरवर गेला. पंख्याचे स्वस्त ॲनिमोमीटर एवढ्या कमी वेगाला धड फिरतच नाहीत. गोठ्याच्या कामाला ते घेऊ नका, माझे पैसे गेलेत. एका मित्राचा हॉट-वायर, म्हणजे तापलेल्या तारेवर चालणारा मीटर, उसना आणला. तोही ०.३ च म्हणाला.

मग सप्टेंबरातली ती संध्याकाळ. मामांनी डासांसाठी गोवऱ्या आणि लिंबाचा पाला घालून धूर केला होता. माझ्या चित्रात पश्चिमेचा वारा चार फुटी भिंतीवरून आत शिरतो आणि सरळ पूर्वेच्या जाळीतून निघून जातो. इथं धूर भिंतीपाशीच घुटमळत होता. मधूनच उलटा वळून म्हशीच्या पाठीवर यायचा, शेपटी फिरली की फाटायचा. मी लॅपटॉप उघडून मामांना म्हटलं, बघा, असा जायला पाहिजे. त्यांनी स्क्रीनकडे पाहिलं, मग बाहेर.

“तुझ्या ह्या डब्यात ऊस कुठाय रं?”

बावड्याच्या शिवारात ऊस विसरणारा मीच पहिला असेन. भूमिती उपग्रहाच्या फोटोवरून काढली होती आणि तो फोटो ऊस तुटून गेल्यानंतरचा. भिंतीपासून आठ मीटरवर ८६०३२ जातीच्या उसाची लावण तीन मीटर उंच उभी, पश्चिमेला साठ मीटर खोल. वारा गोठ्यापर्यंत पोचण्याआधीच उसात मुरत होता.

ऊस घन ठोकळा म्हणून ठेवला तर चुकतं, तो गाळणीसारखा आहे. म्हणून तेवढ्या सेलमध्ये ड्रॅगचा, म्हणजे वाऱ्याला अडवणारा, सोर्स टर्म घातला: अडवण्याचा गुणांक सी-डी ०.२, पानांचा निर्देशांक (जमिनीच्या किती पट पानं) ५, तो तीन मीटर उंचीत वाटून घनमीटरला साधारण १.७ चौरस मीटर पानं. समोर ५ एचचं, म्हणजे गोठ्याच्या उंचीच्या पाचपट, अंतर आता पुरेना, अख्खं शेत डोमेनमध्ये घ्यावं लागलं. सेल ५१ लाख. पण आला ०.३५!

बेत असा होता, की पुढचा रन छपराच्या दोन पाख्यांच्या मधे वर फट ठेवून करायचा. आता तो मागे. टोळी आली, ऊस तुटला, की त्याच जागी परत मोजणार. मॉडेल खरं असेल तर ०.६ च्या आसपास यायला हवं.

आणि हे लिहितालिहिताच दुसरं सुचलं. गोठ्यालगतच्या दहा मीटर पट्ट्यात ऊसच नको, लसूणघास लावला तर? वैरणीची सोय होईल आणि गुडघ्याएवढ्या पिकावरून वाऱ्याला परत खाली उतरायला जागा मिळेल. रन २४ तोच, आत्ता लावलाय. रेसिड्युअल (गणितात उरलेली चूक) अजून नाचतायत. मामांना फोन करून सांगितलं. त्यांनी लांबी विचारली, चाळीस मीटर म्हटल्यावर क्षणभर गप्प झाले.

“चार गुंठं. म्हंजे पाच टन ऊस गेला की रं. म्हशीला पंखा किती रुपयाला येतोय तेवढं बघ आधी.”