तुम्ही विचारलंत म्हणून: सँ-जॉर्जचं नाव आपण ऐकलं कसं नाही?

कुणाला सँ-जॉर्ज या अठराव्या शतकातल्या फ्रेंच संगीतकाराचं काही पाठवलं की उलट मेसेज ठरलेला, 'भारी आहे, पण एवढा भारी होता तर आम्ही नाव कसं ऐकलं नाही?' आणि पाठोपाठ, 'काळा होता म्हणून ना?' हो, पण तेवढंच नाही, आणि तेवढ्यावर विषय मिटवला की मला चैन पडत नाही.

जोसेफ बोलोन, शेवालिये द सँ-जॉर्ज. जन्म 1745, कॅरिबियनमधलं ग्वादलूप बेट, बाप गोरा मळेवाला, आई नानोन गुलाम. बापाने पोराला फ्रान्सला नेलं, तलवारबाजी शिकवली, त्यात तो एवढा पुढे गेला की पॅरिसला तो आधी तलवारीमुळेच माहीत झाला. मग 1769 मध्ये गोसेक या संगीतकाराने ऑर्केस्ट्रा काढला, त्यात हा व्हायोलिनला, आणि 1773 ला गोसेक दुसरीकडे गेल्यावर सगळा कारभारच याच्याकडे आला. लोक त्याला 'ब्लॅक मोझार्ट' म्हणतात ते मला अजिबात पटत नाही, अहो मोझार्ट त्याच्यापेक्षा दहा-अकरा वर्षांनी लहान, 1778 मध्ये तो पॅरिसला नोकरी शोधत आला तेव्हा हा तिथला एक नावाजलेला ऑर्केस्ट्रा चालवत होता!

आता रंगाचं. 1776 मध्ये पॅरिस ऑपेराच्या (ऑपेरा म्हणजे गाऊन सादर केलेलं नाटक, ते करणारी ही संस्था) प्रमुखपदासाठी याचं नाव पुढे आलं, तर तिथल्या तीन बड्या बायका, दोन गायिका आणि एक नर्तकी, थेट राणीकडे गेल्या की असल्या मिश्र रक्ताच्या माणसाचे हुकूम आम्ही ऐकणार नाही. झालं, पद गेलं. पण पुढच्या वर्षी त्याचा 'एर्नेस्टीन' हा ऑपेरा पडला तो काही रंगामुळे नाही, संहिताच कच्ची होती (लिहिणारा लाक्लो, पुढे कादंबरीमुळे गाजला तोच), संगीत लोकांना आवडलं होतं.

आणि माझ्या मते खरं कारण वेगळंच आहे, त्याने आयुष्यातला मोठा वेळ दुसऱ्यांचं संगीत वाजवून घेण्यात घालवला. हायडन या त्या काळच्या बड्या संगीतकाराच्या 82 ते 87 नंबरच्या पॅरिस सिंफनी (पूर्ण ऑर्केस्ट्रासाठीच्या मोठ्या रचना) आहेत ना, त्या ज्या ऑर्केस्ट्रासाठी लिहिल्या गेल्या त्याचा प्रमुख हाच, म्हणजे त्या पॅरिसने पहिल्यांदा ऐकल्या त्या याच्या हाताखाली. रेकॉर्डिंग तर नव्हतंच, मग हायडनचं नाव राहिलं आणि तालमी घेणारा गेला. हिंदी सिनेमातल्या गोवेकर अरेंजर लोकांचं झालं तेच.

पुढे फ्रेंच राज्यक्रांती झाली आणि तिकीट काढून ऐकणारी उमराव मंडळीच उरली नाहीत. हा स्वतः क्रांतीच्या बाजूने, 1792 मध्ये कृष्णवर्णीय आणि मिश्रवर्णीय सैनिकांच्या पलटणीचा प्रमुख झाला, तरी 1793 ला पकडलाच, सुटला, पण हातात फार काही राहिलं नाही, 1799 मध्ये गेला. तीन वर्षांत नेपोलियनने गुलामगिरी परत आणली, मग अशा माणसाची आठवण कोण ठेवणार होतं? ग्वादलूपमध्ये ती परत लादायला सैन्य घेऊन गेलेला सेनापती रिशपांस, त्याच्या नावाचा पॅरिसमध्ये रस्ता होता. या शतकाच्या सुरुवातीला ते नाव काढलं आणि तिथे सँ-जॉर्जचं लावलं, ही गोष्ट सांगायला मला दरवेळी मजा येते.

ऐकायचं तर ओपस 5 (ओपस म्हणजे रचनांना दिलेला क्रमांक) मधला दुसरा व्हायोलिन कॉन्चेर्टो, म्हणजे व्हायोलिन पुढे आणि ऑर्केस्ट्रा साथीला अशी रचना, ए मेजर या स्वरातली, आणि त्यातही मधला संथ भाग, लार्गो. माझे कान गायकी अंगाच्या व्हायोलिनवर वाढलेत, पाश्चात्त्य वादनात मला पुष्कळदा नुसती कसरत ऐकू येते, पण इथे तो खरंच गातो. शेवटचे वेगवान भाग मात्र हातातली सफाई दाखवायला लिहिलेत, वरच्या सुरांत सरसर चढून जातो, मला पहिल्यांदा गंमत वाटते, नंतर तेवढी नाही. मग 'लामाँ आनोनीम' हा 1780 चा ऑपेरा घ्या, त्याच्या ऑपेरांपैकी हा एकच पूर्ण शिल्लक आहे. सिंफनी दोनच आहेत, छान आहेत पण हायडन ऐकलेल्याला त्यात नवं काही मिळेलसं वाटत नाही, त्या शेवटी ऐकल्या तरी चालतील.