नारायण पेठेतली अडलेली कथा

"माझी कथा वगळा, जागा दुसऱ्या कुणाला तरी द्या," असा आमच्या एका कथालेखकांचा फोन आला तेव्हा ऑगस्ट संपत आला होता आणि दिवाळी अंकाचा शेवटचा फर्मा त्यांच्यासाठीच थांबला होता. फर्मा म्हणजे एकत्र छापून घडी घातलेली १६ पानं. एक कथा आली नाही म्हणून तेवढीच पानं गाळता येत नाहीत, आणि जाहिरातदारांना जागा आधीच कबूल केलेल्या असतात. का. र. मित्रांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी लेखकाच्या मागे ही तारीख लागलेली आहे. तिचा धाक घातला की कथा मिळते, असं आमच्या धंद्यातले पुष्कळ जण मानतात. मी मानत नाही. रोज "झाली का?" विचारणारा संपादक लेखकाची रोजची बैठक मोडतो.

नारायण पेठेत त्यांच्या घरी गेलो. टेबलावर पहिल्याच पानाचे ढीगभर खर्डे. सगळे सुवाच्य, आणि सगळे कथेतली बहीण दारात येते तिथे थांबलेले. लिहिणं आणि सुधारणं एकाच बैठकीत चाललं की असं होतं. कच्चं वाक्य कागदावर उतरूच दिलं जात नाही. पण मला जास्त खटकलं ते वेगळंच. कथा पुरी होईपर्यंत त्यांनी संध्याकाळचा फेरफटका, अमृततुल्यातला चहा, शाईपेनांची देखभाल, सगळं बंद केलं होतं. "आधी काम, मग चैन," म्हणाले. म्हणजे लिहून झालं नाही त्या दिवशी हाताला काहीच लागत नव्हतं.

"सर, आज चैन आधी करू."

पेनांपासून सुरुवात केली. टोपण उघडंच राहिल्यानं शाई निबखालच्या बारीक खाचांत सुकली होती. निबेचा भाग वाटीत साध्या पाण्यात भिजवायचा; गरम पाणी नको, त्यानं प्लॅस्टिक वाकतं. स्पिरिटही नको. मग शाई ओढायच्या पंपानं पाणी आत-बाहेर करत राहायचं, नितळ पाणी येईपर्यंत. शेवटी निब खाली करून सुती फडक्यावर रात्रभर ठेवायची. हात गुंतलेले, डोकं मोकळं, आणि काम कुठे संपलं ते पाण्याच्या रंगावरून कळतं. विसाव्याच्या कामात मला हे तिन्ही गुण लागतात. मोबाइलमध्ये यातला एकही नाही, म्हणून तो घरीच ठेवायला लावला.

अमृततुल्यात आलं-वेलची ठेचल्याचा वास आणि पितळी पातेल्यातला चहा. तिथून नदीकडे. खडकवासल्यातून विसर्ग वाढला की भिडे पूल पाण्याखाली जातो. त्या दिवशी तो गेलेला होता आणि काठावर नेहमीची गर्दी पाणी बघत उभी होती. कथेचा विषय मी काढला नाही. परतताना त्यांनीच काढला: "बहीण आत आल्यावर आधी स्वयंपाकघरातच जाईल, नाही का?"

पेनं वाळत होती, म्हणून पेन्सिल दिली आणि पाठकोरे कागद. दार सोडून द्यायचं, थेट स्वयंपाकघरातून लिहायचं, खोडरबर नाही, २० मिनिटं. वेळ संपल्यावर वाक्य अर्धवट असतानाच थांबवलं. उद्या बसताना पहिलं काम तयार असावं म्हणून. त्यांना ते आवडलं नाही, पण ऐकलं.

नेमकं काय कामी आलं, हे मला अजून ठरवता येत नाही. पाठकोऱ्या कागदावर पेन्सिलीनं लिहिलेलं कुणी अंतिम धरत नाही, त्यानं भीती जाते, हे खरं. पण तोच कागद त्यांना सकाळी दिला असता, तर त्यावरही त्यांनी पहिलं पानच पुन्हा लिहिलं असतं, असं मला वाटतं. म्हणून क्रम महत्त्वाचा: चैन बैठकीच्या आधी, आणि पानं झाली काय, न झाली काय, ती मिळणारच.

चित्रकाराला पूर्ण कथेऐवजी गोषवाऱ्यावरच चित्र काढावं लागलं, त्यावर तो नाराज आहे आणि त्याचं बरोबर आहे. कथा ठरल्यापेक्षा छोटी झाली. उरलेल्या जागेत दोन कविता घेतल्या. बहीण दारात येते ते पान कथेत नाहीच.