आमची वाटचाल : बोल्टच्या भोवतीचे लाकूड

जुन्या शिडाच्या बोटींच्या डेकवर, म्हणजे वरच्या पृष्ठभागावर, बोल्टने बसवलेल्या फिटिंग्ज (कठड्याचे खांब, दोर बांधायचे खुंटे वगैरे) उघडणे, भोके दुरुस्त करणे आणि पाणी झिरपणार नाही अशा रीतीने त्या पुन्हा बसवणे, एवढेच काम आम्ही करतो. इंजिन, शिडे, रंगकाम यांपैकी काहीही घेत नाही. सुरुवातीला मात्र मिळेल ते काम आम्ही घेत असू, आणि डेकची गळती हे त्यातले सर्वांत सोपे काम आहे, असे आम्हाला मनापासून वाटत असे.

केबिनमध्ये जिथे पाणी ठिबकते, त्याच्या बरोबर वर जी फिटिंग असेल तिच्या कडेने सिलिकोनची रेघ ओढायची आणि बोट परत करायची, अशी आमची तेव्हाची पद्धत होती. एक बोट याच तक्रारीसाठी तीनदा परत आली. तिसऱ्या वेळी संकोचापोटी आम्ही कठड्याच्या खांबाची बैठकच उकलली, तेव्हा भोकातून तपकिरी, ओला, कुजका लगदा बाहेर आला. पाणी शिरत होते ते या खांबातून. ते डेक आणि आतले छत यांच्या मधून वाहत जाऊन हातभर अंतरावरच्या खिडकीपाशी टपकत होते, आणि आम्ही तीन वेळा ती खिडकी बुजवली होती. त्या कामाचे पैसे आम्ही घेतले नाहीत. व्यवसायाची दिशा मात्र त्या दिवशी ठरली.

बहुतेक जुन्या फायबरग्लास बोटींचा डेक अखंड नसतो. फायबरग्लासच्या दोन पातळ थरांमध्ये बाल्साचे हलके लाकूड, क्वचित प्लायवूड किंवा फोम, भरलेले असते. त्यामुळे डेक कमी वजनात ताठ राहतो. बाल्साचे तंतू उभे ठेवलेले असल्याने पाणी आडवे लवकर पसरत नाही, पण बाल्साचे तुकडे एकमेकांना जिथे भिडतात त्या फटींतून ते पुढे सरकतेच. लाकूड कुजले की वरचा थर खालच्या थरापासून सुटतो आणि पायाखाली डेक दबू लागतो. हे सर्व सुरू होते बोल्टच्या भोकातून, कारण कारखान्यात भोक पाडताना लाकडाची उघडी पडलेली कड अनेकदा तशीच सोडून दिलेली असते. सीलंट, म्हणजे फट बुजवणारा लेप, हा पहारेकरी असतो आणि तो कधीतरी डुलकी घेतोच. म्हणून त्याच्यामागे लाकूडच उरणार नाही अशी व्यवस्था करावी लागते.

आता आम्ही आधी प्लॅस्टिकच्या हातोडीने डेक ठोकून पाहतो. घट्ट जागी आवाज टणक येतो, सुटलेल्या जागी बद्द. नंतर फिटिंग काढून, वाकवलेला खिळा ड्रिलमध्ये लावून भोकाभोवतीचे लाकूड दोन्ही थरांच्या मधून खरवडून काढतो. कुजलेले असो वा नसो, बोटभर रुंदीचे लाकूड जातेच. पोकळी पूर्ण कोरडी झाल्याशिवाय पुढचे काही करत नाही, आणि ग्राहकांशी आमचे सर्वाधिक वाद याच प्रतीक्षेवरून होतात. मग खालून भोक बंद करून आधी पातळ इपॉक्सी (सुकल्यावर कडक होणारी कृत्रिम राळ) लाकडाला पाजतो आणि त्यानंतर सिलिका मिसळून दाट केलेली इपॉक्सी भरतो. ती कडक झाली की तिच्या मधोमध नवे भोक पाडतो आणि त्याचे वरचे तोंड किंचित तिरके कापतो, म्हणजे बोल्टच्या गळ्याभोवती सीलंटचे कडे तयार होते.

बसवताना बोल्ट फिरवायचा नाही, कारण तो फिरला की हे कडे तुटते. एकाने डेकवर स्क्रूड्रायव्हरने बोल्ट धरून ठेवायचा आणि दुसऱ्याने केबिनमध्ये आडवे होऊन खालून नट आवळायचा. आमचा व्यवसाय दोघांनी सुरू झाला, त्यामागे मैत्रीपेक्षा या बोल्टचाच हात मोठा आहे. नटाखाली नुसता वायसर न ठेवता काच-इपॉक्सीची जाड पट्टी देतो, त्यामुळे क्लीटवर (दोर बांधायच्या खुंट्यावर) किंवा विंचवर (दोर ओढायच्या चक्रावर) येणारा ताण एका बिंदूवर न राहता पसरतो.

सीलंटबाबत आमची मते आता बरीच ठाम झाली आहेत. बोल्टने धरलेल्या फिटिंगसाठी ब्यूटाइल टेप उत्तम. ती वर्षानुवर्षे मऊ राहते आणि फिटिंग पुन्हा काढता येते, मात्र डिझेल वा पेट्रोलच्या झाकणापाशी ती विरघळते. पॉलिसल्फाइड विश्वासू आहे, पण ॲक्रिलिक किंवा पॉलिकार्बोनेटच्या खिडकीला लावल्यास प्लॅस्टिक खराब करते. पॉलियुरेथेनचे सर्वांत चिवट प्रकार आम्ही डेकवर वापरत नाही, कारण पुढे फिटिंग काढताना फायबरग्लासचा वरचा थरच तिच्याबरोबर उचकटतो. सिलिकोन तर आम्ही कपाटातूनच काढून टाकले. त्याचा तेलकट अंश मागे राहतो आणि त्यावर दुसरे काही चिकटत नाही. आमच्याच जुन्या रेघा घासून काढण्यात आमचे कितीतरी दिवस गेले आहेत.

काढलेले बोल्ट आम्ही मालकाला दाखवतो. स्टेनलेस स्टीलला गंजापासून वाचवणारा थर टिकण्यासाठी ऑक्सिजन लागतो. डेकच्या जाडीत साचलेल्या पाण्यात तो मिळत नाही, म्हणून वरून चकचकीत दिसणारा बोल्ट मधोमध खचलेला निघतो. डोलकाठीचे ताण-तार जिथे बांधले जातात त्या चेनप्लेटच्या बाबतीत ही बाब गंभीर आहे, कारण ती तुटली तर डोलकाठी पडू शकते. चेनप्लेट काढून तपासू न देता केवळ वरून सील करण्याचे काम आम्ही नाकारतो, आणि त्यामुळे काही ग्राहक गमावले आहेत.

गळतीची जागा शोधण्यासाठी आम्ही आता पाण्याचा पाइप क्वचितच धरतो. झडपा व खिडक्या बंद करून ब्लोअरने केबिनमध्ये हवा भरायची आणि डेकवर साबणाचे पाणी पसरायचे. जिथे बुडबुडे येतात तिथून पाणी आत जाते. पहिल्यांदा हा प्रयोग केला तेव्हा संशय एका फिटिंगवर होता आणि बुडबुडे पाच ठिकाणी आले.

आज आम्ही सहा जण आहोत. प्रत्येक बोटीचा नकाशा काढून कोणते भोक केव्हा भरले आणि कोणते सीलंट वापरले, याची नोंद ठेवतो. तीनदा परत आलेल्या त्या बोटीच्या नकाशावर आता एकच खूण बाकी आहे, पुढच्या डेकवरील एका क्लीटची. त्याच्या नटापर्यंत पोहोचण्यासाठी केबिनचे छत उतरवावे लागेल, आणि ते मालकांना अजून मान्य नाही.