तिळारीचा कालवा ते दिवाडीचे खाजन : या मोसमातील ग्रॅव्हल सायकलिंगची नोंद

पावसाळा ओसरल्यापासून माझ्या सर्व लांब फेऱ्यांचे उद्दिष्ट एकच राहिले आहे : गोव्यातील डिचोली तालुक्याच्या उत्तर टोकापासून मांडवीच्या पात्रापर्यंत, ग्रॅव्हल सायकलसाठी (म्हणजे रुंद टायरच्या, कच्च्या रस्त्यांवर चालणाऱ्या सायकलसाठी) शक्य तितके कमी डांबर लागेल असा सलग मार्ग जुळवणे. तो अजून पूर्ण जुळलेला नाही. मात्र त्याचे दोन महत्त्वाचे तुकडे, म्हणजे वरचा कालव्याचा आणि खालचा खाजनांचा (खाडीकाठच्या, बांध घालून राखलेल्या सखल शेतांचा), आता मला नीट ओळखीचे झाले आहेत. या दोन्ही तुकड्यांची जमीन, चढउतार आणि शिस्त एकमेकांपासून अगदी वेगळी आहे, आणि म्हणूनच ही नोंद सविस्तर लिहीत आहे.

तिळारी पाटबंधारे प्रकल्प हा महाराष्ट्र आणि गोवा यांचा संयुक्त प्रकल्प आहे. धरण दोडामार्ग तालुक्यात असून डावा कालवा डिचोलीच्या बाजूने उतरतो. साळ आणि मेणकुरे या भागांत कालव्यालगत देखभालीसाठी ठेवलेला मुरमाचा रस्ता आहे, आणि ग्रॅव्हल सायकलस्वाराला गोव्यात याहून चांगली जमीन क्वचितच मिळेल. गोव्यातला अंतर्गत रस्ता म्हटला की अर्ध्या किलोमीटरची घाटी, लगेच उतार, खाली मोरी आणि पुन्हा घाटी असा क्रम ठरलेला असतो. कालव्याला मात्र पाणी गुरुत्वाकर्षणानेच पुढे न्यायचे असल्यामुळे तो डोंगराच्या कुशीतून समोच्च रेषा धरून वळणे घेत जातो आणि त्याचा उतार डोळ्यांना जाणवणारही नाही इतका सौम्य ठेवलेला असतो. परिणामी दोन्ही बाजूंना काजूची लागवड आणि डोंगर असूनही आपण सपाटीवर पेडल मारत असतो. ज्यांना एकाच लयीत तासभर पाय चालवण्याचा सराव करायचा आहे, त्यांनी महामार्गाच्या कडेने जीव धोक्यात घालण्याऐवजी हा रस्ता धरावा, असे माझे ठाम मत आहे.

ही सपाटी अखंड नसते, हेही ध्यानात ठेवावे लागते. जिथे कालव्याला दरी ओलांडायची असते तिथे पाणी जलसेतूवरून थेट पलीकडे जाते, पण सायकलस्वाराला बहुधा दरीत उतरून ओहोळ ओलांडावा लागतो आणि सुट्या जांभ्या दगडांवरून पुन्हा वर चढावे लागते. गिअरची निवड मी या चढांवरूनच केली. पुढे 40 दातांची एकच चकती आणि मागे 11 ते 42 दातांची कॅसेट (चकत्यांचा संच) या जुळणीत सर्वांत हलके गुणोत्तर एकाहून किंचित कमी येते, त्यामुळे तीव्र चढावरही खोगिरावर बसून, मागच्या चाकावर वजन ठेवून चढता येते. उभे राहून जोर लावला की मागचे चाक मुरमावर जागच्या जागी फिरते. सपाट भागात मागची 19 दातांची चकती धरली, तर पेडलच्या मिनिटाला 80 फेऱ्यांच्या गतीने ताशी सुमारे 22 किलोमीटर वेग मिळतो, आणि कालव्यावर त्याहून अधिक वेगाची गरज मला वाटत नाही, कारण वळणापलीकडे म्हशींचा कळप, कपडे धुणाऱ्या बायका किंवा सुकत घातलेले गवत यांपैकी काहीही असू शकते.

टायरमधील हवेबद्दल मात्र अधिक लिहिले पाहिजे. 40 मिलिमीटर रुंदीच्या ट्यूबलेस टायरमध्ये पुढे 28 आणि मागे 32 पीएसआय (हवेच्या दाबाचे एकक) या आकड्यांवर मी स्थिरावलो आहे. माझे वजन 70 किलोच्या आसपास आहे, त्यामुळे हलक्या सायकलस्वाराने आणखी खाली जाण्यास हरकत नाही. कठीण टायर वेगवान असतो ही समजूत गुळगुळीत डांबरावर काही अंशी खरी ठरत असेल, पण मुरमावर कठीण टायर प्रत्येक खड्यावर उसळतो, त्या उसळीत सायकल आणि शरीर दोन्ही वर फेकले जातात, आणि पुढे जाण्यासाठी खर्च व्हायची शक्ती हादऱ्यांत वाया जाते. मऊ टायर खड्याला स्वतःत सामावून घेऊन पुढे सरकतो. हा फरक सर्वांत आधी मनगटांना कळतो. येथील काटेरी बांबू आणि लाजाळू पाहता ट्यूबलेस हा चैनीचा भाग नाही. आत द्रव सीलंट असल्याने बारीक काट्यांची छिद्रे चालता चालता बुजतात. आपल्या उष्ण हवेत हा द्रव लवकर आटतो, म्हणून दर दोन-तीन महिन्यांनी व्हॉल्व्ह उघडून तो पाहावा आणि भर घालावी.

कालव्यावरची एक गोष्ट मला नव्या मित्रांना आवर्जून सांगायची आहे. काँक्रीटचे अस्तर असलेल्या कालव्याच्या बाजू तिरप्या असतात आणि पाण्याच्या रेषेवर शेवाळ धरलेले असते. आत पडलेल्या माणसाला, तो पोहणारा असला तरी, त्या उतारावरून वर येणे अत्यंत कठीण जाते. म्हणून पाण्याच्या बाजूची चाकोरी सोडून डोंगराच्या बाजूची धरावी, जोडीने जाताना शेजारीशेजारी चालवू नये आणि हात धुण्यासाठीसुद्धा पायऱ्या असतील तिथेच उतरावे.

मधला टप्पा, म्हणजे डिचोलीहून मयेमार्गे नार्व्यापर्यंतचा, बहुतांशी डांबरी आहे. खाणपट्ट्याजवळची तांबडी धूळ इतकी बारीक असते की तेलकट साखळीवर तिचा लेपच बसतो. यासाठी मी कोरडे, मेणाचे वंगण वापरतो. नार्व्याला छत्रपती शिवाजी महाराजांच्या आज्ञेने 1668 मध्ये जीर्णोद्धार झालेले श्री सप्तकोटेश्वराचे देऊळ आहे. हे दैवत मूळचे दिवाडी बेटावरचे, आणि पुढचा मार्गही फेरीबोटीने त्याच बेटावर नेतो, त्यामुळे मी येथे नेहमी थांबतो.

दिवाडीवर उतरले की जमिनीचे स्वरूप पूर्ण बदलते. येथील खाजन शेते भरतीच्या पातळीहून खाली आहेत आणि त्यांना खाऱ्या पाण्यापासून वाचवतो तो चिकणमाती, पेंढा आणि जांभा वापरून बांधलेला बांध. बांधात ठिकठिकाणी मानस, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडणारे दार, असते. तिची लाकडी दारे भरतीच्या दाबाने आपोआप मिटतात आणि ओहोटीला आतले पाणी बाहेर सोडण्यासाठी उघडतात. बांधावरची वाट अरुंद, एका बाजूला खारफुटी आणि दुसऱ्या बाजूला भात, आणि चढ अजिबात नाही. कालव्यावर लय महत्त्वाची, तर येथे तोल. वेग ताशी दहा-बारा किलोमीटरपर्यंत आणून नजर दूर ठेवावी लागते; चाकाकडे पाहिले की चाक खाली उतरू लागते.

बांधावर सायकल कधी न्यावी याविषयी मी स्वतःसाठी एक नियम केला असून तो सर्वांनी पाळावा अशी माझी मनापासून विनंती आहे. माती ओली असेल तर बांधावर जाऊ नये. चाकाची खोल रेघ पडली की पुढच्या पावसाचे पाणी तिच्यातून वाहते, रेघेची घळ होते, आणि घळीतून एकदा खारे पाणी शेतात शिरले की मिठाचा अंश धुऊन निघेपर्यंत नेहमीचे बियाणे धड उगवत नाही. खार सोसणाऱ्या कोरगुटासारख्या भाताच्या जातीच काय त्या तग धरतात. एका वयस्क शेतकऱ्याने मला बांधावर थांबवून विचारले होते, “बाबा, टायर केवढा रुंद आहे?” मी टायर दाखवला, त्यांनी तो बोटांनी दाबून पाहिला आणि म्हणाले, “सुक्यात खुशाल जा. पावसात मात्र आम्हीसुद्धा कडेकडेने चालतो.” त्यानंतर ओल्या दिवसांत मी बेटावरच्या गावरस्त्यांवरच राहतो, आणि त्या दिवसांची फेरीही काही कमी सुंदर नसते.

मोसमाच्या दृष्टीने पाहता ऑक्टोबरअखेर ते जानेवारी हा काळ सर्वोत्तम वाटतो. पावसाने दबलेला मुरूम तेव्हा घट्ट असतो आणि सरदाचे (पावसाळी) पीक कापून झाल्यावर शेतांकडेच्या वाटा मोकळ्या होतात. मार्चनंतर वरचा थर सुटा होऊन वळणावर पुढचे चाक सरकते. त्या दिवसांत मी पुढच्या टायरमधील हवा आणखी दोन पीएसआय कमी करतो आणि पहाटेच निघतो.

राहिलेले काम मुख्यतः मधल्या टप्प्याचे आहे. मयेच्या तळ्याभोवतीच्या बागायतींतून नार्व्याकडे उतरणाऱ्या पायवाटा मला पाहायच्या आहेत. त्यांतील काही खाजगी कुळागरांतून (सुपारी-नारळाच्या बागांतून) जातात, त्यामुळे मालकांना विचारूनच पुढे जाईन. ते जमले तर मेणकुरे ते दिवाडी हा मार्ग चार-पाच जणांच्या गटाने, एका दिवसात, सावकाश करण्याचा विचार आहे. त्यानंतर दक्षिणेत साळावली धरणाच्या कालव्याची पाहणी करायची आहे. सांगे आणि केपे भागांतील कोणी तिथल्या देखभाल रस्त्यावरून अलीकडे गेले असेल, तर मुरमाची स्थिती आणि बंद फाटकांच्या जागा अवश्य कळवाव्यात.