टिप्स झाली, पण पुढं काय? यकृताच्या शिरांमधल्या गुठळीबद्दल

पोटात पाणी झालंय म्हटलं की आपल्या भागात लोकांच्या तोंडात पहिलं येतं ते दारू आणि दुसरं कावीळ. माझ्या धाकट्या जावेला यातलं काहीच नव्हतं, तासगावकडच्या द्राक्षबागेत दिवसभर काम करणारी दणकट पोरगी, आणि बघता बघता पोट एवढं वाढलं की गल्लीतल्या बायका डोहाळजेवण कधी म्हणून विचारायला लागल्या. पाय सुजायचे, उजव्या बरगडीखाली दुखायचं. ॲसिडिटीच्या गोळ्या झाल्या, गॅसच्या झाल्या. शेवटी मिरजेत सोनोग्राफीला गेल्यावर डॉक्टरांनी डॉपलर, म्हणजे शिरांतलं रक्त कसं वाहतंय ते दाखवणारी तपासणी, करून बघितला आणि सांगितलं की यकृतातून रक्त बाहेर नेणाऱ्या तिन्ही मोठ्या शिरा गुठळ्यांनी बंद आहेत. याला बड-किआरी सिंड्रोम म्हणतात. १८४५ मध्ये लंडनच्या जॉर्ज बड यांनी आणि १८९९ मध्ये हान्स किआरी यांनी याचं वर्णन केलं म्हणून हे नाव.

यकृतात रक्त दोन वाटांनी येतं, धमनीतून आणि आतड्याकडून येणाऱ्या पोर्टल व्हेनमधून, बाहेर जायची वाट मात्र या तीन शिरांची. आपल्या कृष्णाकाठच्या क्षारपड रानांचं जे होतं तेच इथं होतं, पाणी येत राहतं, निचरा नाही, आणि चांगली जमीन जागेवर खराब होते. दाब वाढून द्रव पोटात पाझरतो, पेशी मरायला लागतात. मागच्या बाजूला कॉडेट लोब म्हणून यकृताचा एक लहान भाग असतो, त्याच्या शिरा सुटसुटीत थेट मोठ्या शिरेत उघडतात म्हणून तो बऱ्याचदा वाचतो, पण मग सगळ्यांचं काम अंगावर घेऊन तो इतका वाढतो की शेजारची तीच मोठी शीर, म्हणजे आयव्हीसी, दाबून धरतो. पायाची सूज येण्याचं ते एक कारण असतं, हे आम्हाला सीटी स्कॅनच्या वेळी कळलं.

आत्यांनी, म्हणजे आमच्या सासूबाईंनी, लगेच विचारलं, "हिच्या माहेरात कुणाला आहे का असलं?" ती बिचारी गप्प बसली. म्हणून हे मुद्दाम लिहिते. तिचं हिमोग्लोबिन, प्लेटलेट सगळं नॉर्मल होतं, तरी रक्ताच्या डॉक्टरांनी जॅक टू नावाच्या जीनमध्ये बदल आहे का याची तपासणी करायला लावली आणि ती पॉझिटिव्ह आली. अस्थिमज्जा जास्त पेशी तयार करते असा तो आजार, पण स्प्लीन, म्हणजे प्लीहा, मोठी झाली की जास्तीच्या पेशी तिथं अडकतात आणि रिपोर्ट साधा दिसतो, फसायला होतं. हा बदल जन्मानंतर मज्जेतल्या पेशीत होतो, आईबापाकडून येत नाही. डॉक्टरांनी हे आत्यांना समोर बसवून सांगितलं तेव्हा कुठं माहेरचा विषय थांबला. काही पेशंटमध्ये प्रोटीन सी, प्रोटीन एस कमी असणं किंवा फॅक्टर फाईव्ह लायडेन अशी आनुवंशिक कारणं असतात हेही खरंय, पण तपासणीच्या आधी कुणाच्या घराण्यावर बोट ठेवणं मला अजिबात पटत नाही.

डॉक्टरांनी आणखी एक विचारलं, हार्मोनच्या गोळ्या घेता का. दरवर्षी गौरीला पाळी पुढं ढकलायच्या गोळ्या मेडिकलमधून आणून घ्यायची ती, आपल्याकडं किती बायका घेतात. मूळ कारण रक्ताचा आजारच, पण असल्या गोळ्यांनी गुठळीचा धोका वाढू शकतो, आणि ज्यांना आधीच असं काही आहे त्यांनी त्या घ्यायच्याच नाहीत असं त्यांनी सांगितलं. आमच्या घरात आता गौरीच्या वेळी हा प्रश्नच येत नाही, पाळी आली तर आली, पूजा दुसरी जाऊ करते.

रक्त पातळ करायची औषधं आणि पोटातलं पाणी काढणं एवढ्यावर भागलं नाही म्हणून पुण्यात टिप्स नावाची प्रक्रिया केली. मानेच्या शिरेतून आत जाऊन यकृतातूनच एक नवी वाट काढतात आणि तिथं स्टेंट बसवतात, म्हणजे पोर्टल व्हेनचं रक्त थेट पुढं जातं. पोट उतरलं, भूक लागायला लागली, आम्ही सगळे निर्धास्त झालो. आणि मग जे झालं ते कुणी नीट समजावून सांगत नाही म्हणून सविस्तर लिहिते.

ती दिवसा झोपायला लागली आणि रात्री टक्क जागी. आमटीत दोनदा मीठ पडलं. आम्ही म्हटलं अशक्तपणा असेल. मग बचत गटाच्या वहीत तिची सही बघितली मी, आधीच्या पानावर सरळ रेघेत, नीट वेलांटी काढून केलेली, आणि या पानावर अक्षरं रेघ सोडून खाली घसरलेली, शेवटचं अक्षर तर अर्धंच. "अक्का, पेन नीट चालत नव्हतं," म्हणाली. त्याच पेननं मी तिच्याच खाली सही केली होती. हात पुढं करून पंजे वर धरायला सांगितले तर बोटं फडफडत होती.

याला हिपॅटिक एन्सेफॅलोपॅथी म्हणतात. नव्या वाटेनं रक्त यकृताला चुकवून जातं, मग आतड्यात तयार झालेला अमोनिया गाळला न जाता मेंदूपर्यंत पोचतो. तिला बद्धकोष्ठ झालं होतं आणि त्यानं हे जास्त बळावलं. लॅक्ट्युलोजचं औषध दिवसातून दोन-तीनदा मऊ शौच होईल इतकं द्यायचं आणि सोबत रिफॅक्सिमिन, एवढ्यावर ती पूर्ववत झाली. टिप्स झालेल्या माणसाची झोप उलटी झाली, अक्षर बदललं, बोलणं जड झालं तर उद्यावर ढकलू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. आणि झोप येत नाही म्हणून झोपेची गोळी तर मुळीच देऊ नका.

दुसरा धक्का पुढच्या तपासणीत बसला. यकृतात गाठी दिसल्या. "गाठी" हा शब्द ऐकला आणि भाऊजी तिथंच खुर्चीत बसले. या आजारात कॅन्सर होऊ शकतो, आयव्हीसी बंद असलेल्यांत जास्त, पण या आजारात यकृताचा रक्तपुरवठा कुठं कमी कुठं जास्त होतो आणि त्यामुळं साध्या, कॅन्सर नसलेल्या गाठीही बऱ्याच होतात. अडचण अशी की स्कॅनमध्ये त्यातल्या काही अगदी कॅन्सरसारख्या उजळतात. म्हणून एका सीटीवरून निष्कर्ष काढत नाहीत, एमआरआय, रक्तातलं एएफपी (यकृताच्या कॅन्सरमध्ये बऱ्याचदा वाढणारं प्रोटीन), आणि शंका राहिली तर तुकडा काढून तपासणी. तिचं एएफपी नॉर्मल आलं, गाठी लहान आणि पुष्कळ, सध्या नुसतं लक्ष ठेवायचं ठरलंय, दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी आणि एएफपी. रिपोर्ट घेऊन दुसरीकडं जाल तर बड-किआरी आहे हे आधी सांगा आणि जुन्या स्कॅनच्या सीडी बरोबर न्या, त्याशिवाय तुलना होत नाही.

बाकी रोजचं म्हणजे एसिट्रॉम, ही रक्त पातळ करायची गोळी, आणि आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झालंय ते सांगणारी तपासणी. पालेभाज्यांनी तो खालीवर होतो. मेथी, पालक बंद नाही केला, पण एकदम ढीगभर आणि मग महिनाभर नाही असं करायचं नाही. अंगदुखीवर मेडिकलमधून डायक्लोफिनॅक आणायची नाही, रक्तस्राव होऊ शकतो. अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा एंडोस्कोपीनं बघून घेतात, कारण त्या फुटू नयेत आणि गुठळीही होऊ नये अशी दोन्हीकडून कसरत असते.

आता तिच्या मनात दुसऱ्या बाळाचं आहे. मला आधी भीतीच वाटली, पण आजार आटोक्यात असेल तर बाळंतपण झालेल्या बायका आहेत असं डॉक्टर म्हणाले. मात्र एसिट्रॉमनं पोटातल्या बाळाला इजा होऊ शकते म्हणून हेपरिनच्या इंजेक्शनवर जावं लागतं, रक्ताच्या आजाराची गोळीही बदलावी लागते, आणि हे सगळं दिवस राहायच्या आधी ठरवायचं असतं. दिवाळीनंतरच्या तपासणीला ती आणि भाऊजी दोघं मिळून लिव्हरच्या, रक्ताच्या आणि बायकांच्या अशा तिन्ही डॉक्टरांना विचारणार आहेत. प्रश्न तिनं स्वतःच वहीत लिहून ठेवलेत.