छत्रीखालचा पाऊस

नियम तीनच होते. गोष्ट दीड मिनिटाची हवी, त्यात कोणी एक शब्दही बोलायचा नाही, आणि मागे संगीत लावायचं नाही. बाकी जे काय सांगायचंय ते आवाजावर आवाज चढवून सांगा. साउंड डिझाइनच्या तासाला हे ऐकलं आणि मला एकदम हायसं वाटलं, कारण परदेशात शिकायला आल्यापासून वर्गात काही बोलायचं म्हणजे आधी मनात वाक्य जुळवा, मग ते तपासा, आणि तोवर चर्चा कुठल्या कुठे गेलेली असते. इथे माझ्या उच्चारांचा प्रश्नच नव्हता. आमच्या गटात तिघं जण, तिघांच्या भाषा वेगळ्या, पण दाराची कुरकुर तिघांनाही सारखीच कळते.

गोष्ट साधीच घेतली. एक बाई पावसातून घरी येतेय, जिना चढताना तिला घरातला फोन वाजताना ऐकू येतो, ती धावते, किल्ली पटकन लागत नाही, दार उघडून आत पोचते तेवढ्यात फोन थांबतो. बस.

पहिल्याच दिवशी भर पावसात खिडकीतून रेकॉर्डर बाहेर धरून दहा मिनिटं पाऊस भरून आणला. खोलीत येऊन ऐकला तर पूर्वी टीव्हीवर मुंग्या आल्या की जसा आवाज यायचा अगदी तसा! कितीतरी थेंब एकाच वेळी पडतात, त्यांचे आवाज एकमेकांत मिसळून सगळ्या पट्ट्यांत सारखे पसरतात, आणि कानाला धरून ठेवायला एकही सुटा थेंब मिळत नाही. मग तो पाऊस तीन थरांत बांधायला घेतला. लांबचा एकसारखा पाऊस, मधे कुठेतरी छपरावरून गळणारी धार, आणि अगदी डोक्यावर छत्रीच्या कापडावर पडणारे थेंब. ऑडॅसिटी या आवाज जुळवायच्या सॉफ्टवेअरमध्ये ट्रॅकला नावं द्यायची होती, तर मी सवयीने मराठीतच टाकली: सरसर, पागोळी, टपटप. दुसऱ्या दिवशी बघते तर बाकीचे दोघंही तेच शब्द वापरायला लागलेले, ‘टपटप जरा कमी कर’, ‘सरसर लवकर सुरू होतोय’. अर्थ सांगायची वेळच आली नाही. आपल्या भाषेत आवाजाचे शब्द किती आहेत हे मला इथे येऊन कळलं आणि मनापासून अभिमान वाटला.

टपटपसाठी मी छत्री उघडून शॉवरखाली उभी राहिले, तर शॉवरच्या धारा फार जोरात आणि एकाच जागी पडत होत्या. शेवटी ओल्या स्पंजने वरून एकेक थेंब पाडला, रेकॉर्डर छत्रीच्या आत, कापडापासून वीतभर. हा प्रकार चित्रपटवाले रोज करतात. त्याला फोली म्हणतात, सुरुवातीच्या बोलपटांच्या काळात युनिव्हर्सल स्टुडिओत असे आवाज करणाऱ्या जॅक फोली यांच्या नावावरून. पावलांचे आवाज जिन्यातच केले, पण रात्री दोनला, कारण दिवसा रस्त्यावरच्या गाड्या येतात. किल्ल्यांचा आवाज मात्र कपड्यांच्या कपाटात बसून घेतला, कपडे आवाज शोषतात, खोलीचा घुमारा येत नाही, त्यामुळे असा कोरडा आवाज नंतर आपल्याला हव्या त्या जागी बसवता येतो.

फोनची घंटा जुन्या पद्धतीची हवी होती, ती फ्रीसाउंडवरून घेतली. बार्सिलोनाच्या पोम्पेउ फाब्रा विद्यापीठाने २००५ मध्ये सुरू केलेला हा आवाजांचा साठा आहे, कोणी असं काही करत असेल तर जरूर बघा, फक्त प्रत्येक फाइलचं लायसन्स वाचा. काही अगदी मोकळी असतात, काहींना श्रेय द्यावं लागतं, काही व्यावसायिक कामाला चालत नाहीत.

पहिलं मिक्स झालं. अकरा ट्रॅक! आम्ही खूश होतो. सरांनी डोळे मिटून ऐकलं आणि एकच प्रश्न विचारला, ऐकणारा कुठे उभा आहे?

आम्ही तिघंही गप्प. कारण खरंच कुठेच नव्हता. पाऊस रस्त्यावरचा, पावलं कानाशी, फोन पण कानाशी, सगळं एकाच अंतरावर. सरांनी मग परत एकदा पिअर शेफरची ती १९४८ ची रचना लावली, फ्रेंच रेडिओत काम करणाऱ्या या माणसाने तेव्हा नुसत्या आगगाड्यांच्या आवाजांतून ती केली होती, तेही डिस्कवर रेकॉर्ड केलेल्या, हातात टेपसुद्धा नसताना. पहिल्या तासाला ती ऐकताना मला फक्त खडखडाट ऐकू आला होता. यावेळी लक्ष देऊन बसले तर कळलं की एखादा तुकडा किती वेळ चालू द्यायचा आणि दुसरा नेमका कुठे आणायचा यावरच सगळी रचना उभी आहे.

आम्ही ठरवलं की ऐकणारा त्या बाईच्या कानातच आहे. म्हणजे ती जे ऐकते तेच आपण ऐकायचं. आणि मग सगळं बदलायला लागलं. लांबचा आवाज म्हणजे नुसता बारीक केलेला आवाज नव्हे, ही चूक आम्ही सगळीकडे केली होती. लांबून येताना वरच्या पट्ट्या कमी होतात आणि भिंतींवरून परत येणारा घुमारा जास्त ऐकू येतो. बंद दारातून तर वरच्या पट्ट्या फारच अडतात. म्हणून घंटेवर लो-पास फिल्टर, म्हणजे फक्त खालच्या पट्ट्या जाऊ देणारी चाळणी, लावला, आधी इतका खाली लावला की घंटाच नाहीशी झाली, कारण घंटेचा जीवच वरच्या पट्ट्यांत असतो. मग थोडा थोडा वर आणत गेलो, ती दाराआड वाजतेय पण आहे, असं वाटेपर्यंत.

खरी गंमत दार उघडतानाची. तिथे घंटा एकदम मोकळी व्हायला हवी, आणि ऑडॅसिटीत फिल्टर हळूहळू उघडत न्यायची सरळ सोय आम्हाला सापडली नाही. मग एकाच घंटेच्या दोन प्रती दोन ट्रॅकवर अगदी नेमक्या एकाखाली एक ठेवल्या, एक दबलेली, एक मोकळी, आणि बिजागरी कुरकुरते तेवढ्या वेळात पहिली फेड आउट, दुसरी फेड इन. एक सेकंदाहून कमी. पण हेडफोन लावून ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. दार दिसलं हो! नुसतं ऐकून दार दिसलं.

त्यानंतर फोन थांबतो. तिथे मी आधी सगळे ट्रॅक सरळ कापून टाकले होते, शांतता दाखवायची म्हणून, तर हेडफोनच बंद पडला की काय असं वाटलं. कुठलीच खोली इतकी गप्प नसते. मग त्याच खोलीत कोणी हलायचं नाही, श्वास पण जपून, असं करून एक मिनिट नुसती खोली रेकॉर्ड केली. याला रूम टोन म्हणतात. घंटा तुटते, मागे ही खोली उरते, बंद खिडकीबाहेरचा दबलेला सरसर, आणि छत्रीतून फरशीवर गळणारं पाणी. थेंबांमधलं अंतर वाढत जातं. दहा सेकंद तेवढंच. अकरा ट्रॅकमधले चार आम्ही काढून टाकले होते, कुत्रं, गाड्या, शेजारच्यांचा दरवाजा, लिफ्ट. तिला फोनशिवाय काही ऐकूच येत नसणार ना त्या वेळी.

वर्गात दिवे मालवून ऐकवलं. संपल्यावर कोणीतरी विचारलं, फोन कोणाचा होता? आणि एकदम दोन-तीन वेगळी उत्तरं आली, एक मुलगी तर ठामपणे म्हणाली, हॉस्पिटलमधून. आम्ही काहीच ठरवलं नव्हतं.

आईला फाइल पाठवली. तिने ती मोबाइलच्या स्पीकरवर ऐकली, आणि एवढ्याशा स्पीकरला खालच्या पट्ट्या झेपत नाहीत, त्यामुळे आमची ढगांची गडगड पूर्ण गायब. बाकी सगळी गोष्ट मात्र तिने मला जशीच्या तशी सांगितली, पाऊस, जिना, किल्ली, हुकलेला फोन. मग थांबून म्हणाली, ‘पण काय गं, तिने छत्री कधी मिटली?’

मी परत ऐकलं. खरंच की. पायरीशी टपटप थांबतो, खोलीत छत्री गळते, आणि मधे छत्री मिटल्याचा आवाजच नाही. आम्ही तिघांनी, सरांनी, अख्ख्या वर्गाने ऐकलं आणि कोणाला कळलं नाही.

मार्क तर मिळून गेले होते. तरी त्या रात्री ग्रुपवर मेसेज टाकला, आणि दोघंही आले, एक जण झोपेतून उठून. कपाटात छत्री मावेना म्हणून जिन्यातच उभं राहून घेतलं. अकरा वेळा मिटली. नववी ठेवली.